दुखणारे बुबुळ, न दुखणारा पडदा

नोव्हेंबरच्या मध्यावर गंगेच्या खोऱ्यात अमन भाताची कापणी ऐन भरात येते. नदिया, हुगळी, बर्धमान, दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्यांत पहाटेच्या धुक्यातच माणसे विळे घेऊन शेतात उतरतात. दुपारी खळ्यावर मळणी चालते आणि तूस, कोंडा, कुसळे वाऱ्यावर उडत राहतात. याच दिवसांत १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन येतो. इन्शुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, १८९१ साली याच तारखेला जन्मले. त्यानंतर तीन दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा जागतिक दिवस पाळला जातो. वर्तमानपत्रात हे तीन विषय तीन वेगवेगळ्या पानांवर जातात. कोलकात्याच्या नेत्र रुग्णालयात मात्र ते एकाच बाकावर शेजारी-शेजारी बसलेले असतात.

कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, नामखान्याकडून येणाऱ्या लोकल सकाळी सियालदा स्थानकात रिकाम्या होतात. त्या गर्दीतली काही माणसे डोळ्यावर रुमाल दाबून थेट कॉलेज स्ट्रीटच्या मेडिकल कॉलेजकडे चालू लागतात. १८३५ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय. पुढच्याच वर्षी मधुसूदन गुप्तांनी इथे धर्मरूढीचा विरोध पत्करून मानवी शवविच्छेदन केले आणि आधुनिक वैद्यकाची वाट या देशात मोकळी झाली. याच आवारात आज रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी आहे. पूर्व भारतातला डोळ्यांचा गरीब रुग्ण बहुधा इथे पोहोचतो. थोडी ऐपत असलेला मुकुंदपूरच्या किंवा बराकपूरच्या रुग्णालयांकडे वळतो. तो कुठेही गेला तरी डॉक्टरांच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: किती दिवस झाले?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, याचे उत्तर डोळ्याच्या रचनेतच आहे. डोळ्याचा दर्शनी भाग, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा, मध्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिनी नाही, पण मज्जातंतू मात्र शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही भागापेक्षा दाट. धुळीचा कण गेला तरी माणूस कळवळतो. डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, याच्या नेमका उलट. प्रकाश टिपणे हेच त्याचे काम असले तरी वेदना टिपणारे तंतू त्याच्यात नाहीत. तो फाटला, त्यात रक्त साचले, त्याचा मध्यबिंदू सुजला, तरी दुखत नाही. त्यामुळे पुढच्या भागाचा रुग्ण वेदनेने घाबरतो आणि हाताशी येईल ते डोळ्यात टाकतो. मागच्या भागाचा रुग्ण काही दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षे डॉक्टरकडे फिरकत नाही. एकाची दृष्टी चुकीच्या घाईत जाते, दुसऱ्याची दिरंगाईत. आज दोघांनाही उपचार उपलब्ध आहेत आणि तरीही दोघे आंधळे होत आहेत, म्हणून हा विषय आम्हाला अग्रलेखाचा वाटतो.

आधी भाताच्या शेताकडे जाऊ. बराकपूरच्या दिशा नेत्र रुग्णालयातील डॉ. समर बसाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या तीन वर्षांत बुबुळावर पू झालेला व्रण घेऊन आलेल्या १,१९८ रुग्णांची नोंद ठेवली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ९९२ जणांच्या डोळ्याला आधी काहीतरी लागलेले होते. ८११ जणांच्या व्रणातून जंतू वाढवून ओळखता आले. त्यांपैकी ५०९ व्रण निव्वळ बुरशीचे निघाले, १८४ निव्वळ जिवाणूंचे, ११४ मध्ये दोन्ही एकत्र होते आणि चौघांत अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव सापडला. गंगाकाठच्या बंगालमध्ये बुबुळ पांढरे पडण्यामागे सगळ्यात मोठा हात बुरशीचा आहे, हे या आकड्यांनी स्वच्छ दाखवले. या बुरशीत ॲस्परजिलस सर्वाधिक होती. दमट हवा, ओला पेंढा, कुजका पाला यांत ती सुखाने वाढते. भाताचे पाते डोळ्याला ओरखडा काढते आणि त्याच ओरखड्यात बुरशीचे बीज ठेवून जाते.

पुढे जे घडते ते बंगालच्या खेड्यात घडते तसेच आपल्याकडेही घडते. पहिल्या दिवशी डोळा धुतला जातो, कधी तळ्याच्या पाण्याने. कुणी आईचे दूध घालते, कुणी मध, कुणी गोगलगायीच्या शंखातले पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणले जातात. त्या बाटलीत पुष्कळदा प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने लाली उतरते, वेदना कमी होते, रुग्णाला बरे वाटते. शरीराचा प्रतिकारच थांबलेला असल्याने आत बुरशी मात्र मोकाट वाढते. आठ-दहा दिवसांनी दिसेनासे होते तेव्हा कोलकात्याची गाडी पकडली जाते. तोवर व्रण खोल गेलेला असतो, कधी बुबुळाला भोक पडायला आलेले असते. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो पाळला जात नाही, हे दुकानदाराला, औषध निरीक्षकाला आणि आपल्यालाही ठाऊक आहे. या लेखातली सगळ्यात कठोर तक्रार आमची इथे आहे. इतके थोडे कष्ट घेऊन इतके डोळे वाचवणारा दुसरा उपाय नाही आणि तो कायद्यात आधीच लिहून ठेवलेला आहे.

बुरशी ओळखायला काय लागते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाला स्लिट-लॅम्पपुढे हनुवटी टेकवून बसवतात. डोळा बधिर करणारा थेंब घालतात. मग व्रणाच्या कडेवरून आणि तळातून बारीक ब्लेडने हलकेच खरवड काढतात. मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी. ती काचपट्टीवर पसरून तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा दहा टक्क्यांचा थेंब सोडतात आणि वर पातळ काच ठेवतात. या थेंबाने डोळ्याच्या पेशी विरघळतात, बुरशीच्या धाग्यांची भिंत मात्र तशीच राहते. काही मिनिटांतच सूक्ष्मदर्शकाखाली आडवे कप्पे पडलेले, फांद्या फुटलेले धागे स्पष्ट दिसू लागतात. एवढ्या पुराव्यावर नॅटामायसिनचे दुधाळ थेंब सुरू करता येतात. सुरुवातीला दर तासाला, दिवसरात्र, आणि मग आठवडेच्या आठवडे. हे औषध जुने आहे. दक्षिणेतील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरले. सूक्ष्मदर्शक, काचपट्टी, एक रसायन आणि पाहण्याची सवय झालेला तंत्रज्ञ, एवढ्यावर निदान होते. क्षयरोगाची थुंकी तपासण्यासाठी देशभरच्या तालुक्यांत सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ कधीचेच पोहोचले आहेत. त्याच टेबलावर कापणीच्या दोन महिन्यांत बुबुळाची खरवड का तपासू नये? खरवड काढणाऱ्या हाताला शिक्षण हवे, हे खरे. ते शिक्षण देणे अवघड नाही.

वेळेचे मोल नेपाळातल्या भक्तपूरच्या अभ्यासाने फार ठळकपणे मांडले. डॉ. मदन उपाध्याय यांच्या नेतृत्वाखालील हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बुबुळावर ओरखडा आलेल्या ४४२ गावकऱ्यांना गावातच क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस घातले गेले. अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला. एक ते दोन दिवसांनी आलेल्या ४९ जणांपैकी चौदा जणांना झाला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुढे नेपाळातच झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत, गावागावांत असे मलम देणारे कार्यकर्ते नेमूनही व्रणांचे एकूण प्रमाण घटल्याचे दिसून आले नाही. म्हणून मलमाची नळी वाटली की काम झाले, असे कोणी समजू नये. ओरखडा दिसताच, त्याच दिवशी, जाणत्या माणसाला डोळा दाखवणे, या सल्ल्याला मात्र त्याने बाध येत नाही.

हे बंगालचे दुखणे म्हणून मराठी वाचकाने पान उलटू नये. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, सिंधुदुर्ग, रायगड ही आपली भाताची खाचरे. पश्चिम महाराष्ट्रात उसाची पाती भाताच्या पात्यापेक्षा धारदार, आणि ऊसतोड मजुराच्या टोळीसोबत डोळ्यांचा डॉक्टर जात नाही. फडातल्या मजुराला साधा पारदर्शक चष्मा देण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. ज्या कारखान्याच्या दारात त्याचा ऊस उतरतो, त्याने एवढा खर्च करायला हवा. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीच्या आतल्या भारतीयांत अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू नसून बुबुळाचे विकार आहे, प्रमाण ३७.५ टक्के. म्हणजे हा कमावत्या वयातल्या आणि शाळेतल्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

शाळेतल्या डोळ्यांवरून चुन्याची आठवण होते. पानाशिवाय बंगालचे आतिथ्य पूर्ण होत नाही आणि तंबाखूशिवाय आपल्याकडची पुष्कळ खळी. दोन्हीकडे चुन्याची नळी किंवा पुडी घरात हाताशी पडलेली असते. मूल ती दाबते, पिळते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा अल्कली; तो बुबुळाच्या थरांत खोल शिरत जातो. बुबुळाला सावरणाऱ्या कडेच्या मूळपेशी जळल्या तर नंतर बुबुळ बदलूनही दृष्टी टिकत नाही. अशा वेळी डॉक्टर शोधायच्या आधी स्वच्छ पाण्याची धार धरायची, सलग अर्धा तास, पापणी उलटून आत अडकलेले कण काढत, आणि मग दवाखाना. पाणी नसेल तर जे स्वच्छ द्रव हाताशी असेल ते.

लाल डोळा म्हटला की कोलकात्याला अजून १९७१ आठवते. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले, त्या वर्षी शहरात डोळे येण्याची प्रचंड साथ पसरली. त्याआधी दोन वर्षे घानात पहिल्यांदा दिसलेला हा तीव्र, रक्ताळ नेत्रदाह एका आंत्रविषाणूचा होता. बंगालमध्ये लोकांनी त्याला ‘जोय बांग्ला’ म्हटले आणि डोळे आले की आजही जुनी माणसे तेच म्हणतात. आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये आळंदीत हजारोंचे डोळे आले आणि ती साथ पुढे राज्यभर पसरली. असे डोळे बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होतात. हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे, डोळे न चोळणे एवढे पुरते. घोटाळा होतो तो इथेच. साथीच्या दिवसांत प्रत्येक लाल डोळा साथीचाच मानला जातो आणि त्या गर्दीत बुबुळाचा व्रण निसटतो. फरक घरच्या घरी पुष्कळसा ओळखता येतो. दोन्ही डोळे लाल, चिकट, पण दिसते नीट, तर बहुतेक साथ. एकच डोळा, उजेड सोसत नाही, दिसणे अंधुक झाले, काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका आला, किंवा आधी काही लागले होते, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. या दोन प्रकारांत शेजारणीची उरलेली बाटली कशातच चालत नाही.

आता मागच्या पडद्याकडे. १८५१ पर्यंत जिवंत माणसाचा पडदा कुणी धडपणे पाहिलेलाच नव्हता. त्या वर्षी हर्मान फॉन हेल्महोल्ट्झने आपले ऑप्थॅल्मोस्कोप जाहीर केले आणि बाहुलीच्या काळ्या भोकातून आतला नारिंगी पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या, दृष्टिमज्जातंतूची फिकट चकती दिसू लागली. शरीरात धमन्या आणि शिरा उघड्या डोळ्यांसमोर जिवंत वाहताना पाहायला मिळतात अशी ही एकमेव जागा. म्हणून मधुमेहाने रक्तवाहिन्यांचे काय केले, याचा साक्षीदार पडदाच असतो. आधी केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होऊन त्यांना फुगे येतात; तपासणीत ते लाल ठिपक्यांसारखे दिसतात. मग जुन्या नळाच्या सांध्यातून पाणी झिरपावे तसे त्यांतून द्रव आणि चरबी झिरपते, पिवळट साका बसतो. झिरप मध्यबिंदूवर आली तर वाचणे, शिवणे, तांदूळ निवडणे अवघड होते. काही भागांचा रक्तपुरवठाच तुटतो. उपाशी पडलेला पडदा नव्या रक्तवाहिन्या वाढवण्याचा संदेश सोडतो. त्या वाहिन्या नाजूक असतात, फुटतात, आणि एके सकाळी डोळ्यासमोर काळी जाळी उतरते. तोपर्यंत दृष्टी सहा-सहा असू शकते. चष्म्याच्या दुकानातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याचा पडदाही रक्ताळलेला असू शकतो, हे रुग्णाला पटवणे हेच पडद्याच्या डॉक्टरांचे निम्मे काम.

१९४५ च्या उन्हाळ्यात जर्मनीत सूर्यग्रहण झाले. उघड्या डोळ्यांनी ते पाहिलेल्या एका विद्यार्थ्याच्या पडद्यावर भाजल्याचा डाग उमटला. गेर्ड मायर-श्विकराथ या तरुण नेत्रवैद्याने तो पाहिला आणि विचार केला, की प्रकाशाने पडदा असा भाजतो, तर हव्या त्या जागी, हव्या तेवढ्याच प्रमाणात तो भाजून उपचार का करू नये? त्यातूनच प्रकाशाने पडदा डागण्याची पद्धत आली आणि पुढे लेझर. पडद्याच्या कडेचा उपाशी भाग लेझरने निकामी केला की नव्या वाहिन्यांची मागणी थांबते आणि मधला भाग वाचतो. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या आत शिरून साकळलेले रक्त आणि खेचणारे तंतू काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. २००५-०६ मध्ये डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली; नव्या वाहिन्यांचा संदेश देणारे प्रथिन ती अडवतात. आतड्याच्या कर्करोगासाठी बनलेले बेव्हासिझुमॅब फिलिप रोझनफेल्ड यांनी डोळ्यात वापरून पाहिले आणि अल्प खर्चातला उपचार जगाला मिळाला. त्याच गटातल्या रॅनिबिझुमॅबची पहिली जैव-समरूप आवृत्ती २०१५ मध्ये भारतातच, इंटास कंपनीने बाजारात आणली.

डोळ्यात सुई हे शब्द ऐकूनच माणसे उठून जातात, म्हणून तेही सांगायला हवे. डोळा बधिर केलेला असतो. पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात. जंतुसंसर्ग टाळण्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी तीच. केसासारखी बारीक सुई बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून आत जाते आणि औषध असते एका थेंबाएवढे, ०.०५ मिलिलिटर. काही सेकंदांचे काम. अडचण सुईची नाही, संख्येची आहे. पहिल्या काही महिन्यांत दरमहा आणि नंतर गरजेप्रमाणे, कधी वर्षानुवर्षे, इंजेक्शन घ्यावे लागते. सुंदरबनातून येणाऱ्या माणसाला प्रत्येक खेपेला होडी, गाडी, सोबतीला कोणीतरी आणि दोघांची बुडालेली मजुरी सोसावी लागते. दोन इंजेक्शनांनंतर दिसायला लागते आणि तिसऱ्याला तो येत नाही. सहा महिन्यांनी येतो तेव्हा सूज जुनी झालेली असते. त्याला बेपर्वा म्हणणे अन्याय आहे. इंजेक्शनाच्या किमतीइतकाच प्रवासाचा आणि मजुरीचा खर्च योजनेत धरला पाहिजे. नाहीतर दिलेले औषधही वाया जाते.

आयसीएमआरच्या २०२३ मधील अहवालाप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. पन्नाशीपुढच्या मधुमेहींत पडद्याचा विकार १६.९ टक्क्यांना असल्याचे राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. म्हणजे प्रत्येक सहांतला एक. इतक्या लोकांचे पडदे तपासण्याइतके तज्ज्ञ कोलकात्यात नाहीत, मुंबईतही नाहीत. पण तपासणारा तज्ज्ञ आणि छायाचित्र काढणारा तंत्रज्ञ एकाच ठिकाणी असण्याची आता गरज राहिलेली नाही. बाहुली मोठी न करताही पडद्याचे छायाचित्र काढणारे कॅमेरे आहेत, छायाचित्र कोलकात्याला पाठवता येते, आणि यंत्राला ते वाचायला शिकवण्याच्या २०१६ मधल्या गाजलेल्या प्रयोगात अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या भारतीय रुग्णालयांतील छायाचित्रे वापरलेली होती. आमची मागणी साधी आहे: जिथे रक्तातली साखर तपासली जाते, त्याच खोलीत, त्याच दिवशी पडद्याचे छायाचित्र निघावे. वेगळ्या तारखेला वेगळ्या इमारतीत जायला सांगितले की निम्मी माणसे गळतात.

पडद्याच्या गप्प बसण्याची सर्वांत मोठी किंमत मोजतात ती बोलताही न येणारी बाळे. इथे बंगालचे एक मोठे काम सांगितलेच पाहिजे. २००३ मध्ये कोलकात्याच्या आयपीजीएमईआर या वैद्यकीय संस्थेतील डॉ. अरुण सिंह यांच्या पुढाकाराने पुरुलियासारख्या मागास जिल्ह्याच्या रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष उभा राहिला. जिल्हा पातळीवरही नाजूक बाळे वाचवता येतात हे त्याने सिद्ध केले आणि पुढे देशभर असे कक्ष झाले. पूर्वी दगावणारी दीड किलोची बाळे आता घरी जातात. पण बाळ आठव्या महिन्यात जन्मले तर पडद्याच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचलेल्या नसतात. बेहिशेबी प्राणवायू मिळाला तर त्यांची वाढ आधी थांबते आणि मग भरकटत जाते. शेवटी पडदाच सुटून येतो. १९४२ मध्ये बॉस्टनच्या टेरी यांनी हा विकार प्रथम नोंदवला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले, तोवर श्रीमंत देशांत हजारो बाळांची दृष्टी गेली होती. आपण ती चूक जाणून-बुजून करू नये. भारतात चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासायला हवा. विकार तीव्र असेल तर लेझरसाठी हाती दोन-तीन दिवस असतात, त्याहून जास्त नाही. बाळाचे डोळे बाहेरून टपोरे, सुंदर दिसतात. ते नजर देत नाही हे घरच्यांच्या ध्यानात येईपर्यंत मुदत संपून गेलेली असते. वाचवलेल्या बाळाच्या घरी जाण्याच्या कागदावर पडदा तपासणीची तारीख ठळक लिहिलेली नसेल, तर त्या कक्षाचे काम अर्धे राहिले असे आम्ही म्हणू.

हे सारे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी अ-जीवनसत्त्वाचा इतिहास पाहावा. त्याच्या अभावाने आधी पडद्यातले रंगद्रव्य आटते आणि मूल संध्याकाळी चाचपडू लागते. मग डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडून त्यावर फेसाळ डाग येतात. शेवटी बुबुळ वितळते. पडदा आणि बुबुळ दोघांनाही गिळणारा हा आजार. १९७० मध्ये देशाने लहान मुलांना मोठा डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला, गोवराची लस आली, आहार सुधारला, आणि ज्या विकाराने एका पिढीतली मुले आंधळी झाली तो आज नेत्रवैद्यकाच्या विद्यार्थ्याला क्वचितच पाहायला मिळतो. खुपऱ्यांचेही तसेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून त्यांचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्या दोन्ही लढाया मोठ्या यंत्रांनी जिंकलेल्या नाहीत. परिचारिका, अंगणवाडीताई, स्वच्छ पाणी आणि नियमितपणा यांनी जिंकल्या.

बुबुळावर फूल पडले तर मृत्यूनंतर कुणी दान केलेले बुबुळ तरी बसवता येते. नेत्रदानाच्या चळवळीला त्यासाठी जितके बळ द्यावे तितके थोडे. पण गेलेला पडदा बदलता येत नाही. जगातल्या कुठल्याही रुग्णालयात नाही.

म्हणून वाचकाला एक विनंती. घरात कुणाला मधुमेह असेल तर आज त्यांची फाइल काढा आणि पडद्याच्या तपासणीचा शेवटचा कागद शोधा. साखर आटोक्यात आहे, चष्म्याचा नंबर बदललेला नाही, ही सबब चालणार नाही. कागद वर्षापेक्षा जुना असेल किंवा सापडलाच नाही, तर या आठवड्यात तपासणीची वेळ घ्या. आधीपासून मधुमेह असलेली सून किंवा लेक गरोदर असेल तर वर्षाची वाट पाहू नका, पहिल्या तीन महिन्यांतच तपासून घ्या. त्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर चार-पाच तास नीट दिसत नाही. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत कोणाला तरी न्या.